तपासणी : मालक

आमच्या शहरात मस्तगडला कम्प्युटरचं एक दुकान आहे. तिथला माणूस नवीन मशीन सुरू करून देताना युजरच्या नावाच्या जागी नेहमी एकच शब्द टाकतो. इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान : मालक. दवाखाना असो, किराणा असो, जिनिंग असो, मशीन सुरू केलं की पडद्यावर आधी मालक येतो. असं का, हे मी त्याला एकदा विचारलं. खूप उशिरा विचारलं, तेव्हा विचारून काही उपयोग उरला नव्हता.

"म्याडम, खरं नाव टाकलं की ताप होतो," तो म्हणाला. "उद्या भाऊ-भाऊ वेगळे झाले, दुकान दुसऱ्याकडं गेलं, की मलाच फोन. मालक टाकलं की कुणीबी येऊ द्या, बराबर बसतं."

बराबर बसतं हे त्याचं खरं होतं. माझ्या प्रोग्राममध्ये ते इतकं बराबर बसलं की अकरा महिने कुणी काढलं नाही.

मी तेव्हा एका लहान सॉफ्टवेअर ऑफिसात होते. मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आम्ही चौघं आणि सर. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते बियाणं तपासणाऱ्या एका खाजगी लॅबचं. छोटे बीजोत्पादक तिथे नमुने आणून देत. नमुन्यातले चारशे दाणे मोजून ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवायचे, ठरलेल्या दिवशी गुंडाळ्या उघडायच्या, आणि चांगली रोपं किती, वाकडीतिकडी किती, कुजलेले दाणे किती, ते लिहायचं. त्यावरून उगवणशक्तीचा रिपोर्ट निघायचा. तो रिपोर्ट छापून देणारा प्रोग्राम मी लिहिला.

हे सगळं काम तिथे एकच बाई करायच्या. मी त्यांना ताई म्हणायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, माहेर-सासर दोन्ही भोकरदनकडचं, सासर धावड्याचं. बी.एस्सी. ॲग्री झालेल्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या कपाशीची गुंडाळी उलगडून बसल्या होत्या. एक-एक रोप बोटाच्या टोकानं बाजूला सारत होत्या आणि ओठ हलत होते. लॅबचे मालक मागे उभे होते. त्यांनी एका रोपाकडे बोट करून विचारलं, "हे चांगल्यात धरायचं का?" ताई मोजणं न थांबवता म्हणाल्या, "मुळीला गाठ हाय. न्हाई धरायचं." मालक "बरं बरं" म्हणून निघून गेले. ही गोष्ट मी तेव्हा सहज पाहिली. मी बघत फार असते. बोलत नाही म्हणून वेळ उरतो.

आम्ही ज्या फ्रेमवर्कमध्ये काम करायचो त्यात डिपेंडन्सी इंजेक्शन नावाची पद्धत आहे. नाव भारी आहे, गोष्ट साधी. प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्याला जे लागतं ते त्यानं स्वतः जाऊन आणायचं नाही. फक्त मला हे हवं अशी पाटी लावून बसायचं. फ्रेमवर्क ती पाटी वाचतं आणि वस्तू आणून त्याच्या हातात ठेवतं. कुठून आणली, हे विचारायचं नसतं. मला ही पद्धत शिकल्या दिवसापासून आवडली होती. आमच्या घरात असंच चालायचं. शाळा, शाळेचं माध्यम, कॉलेज, कॉलेजातली शाखा, सगळं कुणीतरी आणून माझ्या हातात ठेवलं होतं. मी पाटीसुद्धा लावली नव्हती.

रिपोर्टच्या तळाशी तीन गोष्टी यायला हव्या होत्या : तपासणी करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि शिक्षण. या तिन्ही मी एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवल्या. तिथे प्रत्येक गोष्टीला एक ओळखीचं नाव द्यावं लागतं, प्रोग्राम त्याच नावानं ती मागतो. मी इंग्रजीत विचार करते; त्याचा मला शाळेपासून अभिमानही होता आणि लाजही वाटायची. लॅबमध्ये मशीन वापरणाऱ्या ताई, म्हणजे युजर ताई. म्हणून मी लिहिलं युजर-डॉट-नेम. पुढे युजरचा हुद्दा, युजरचं शिक्षण. फार नीटनेटकं दिसत होतं ते.

चाचणी मी माझ्या लॅपटॉपवर केली. ताईंचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं आणि फोन करून विचारायचं जिवावर आलं. म्हणून नावाच्या जागी मी माझंच नाव टाकलं, फक्त पहिलं, लहान अक्षरांत. रिपोर्ट काढला. तळाशी माझं नाव आलं. मी पुढच्या कामाला लागले.

ते नाव माझ्या फाइलमधून आलंच नव्हतं. फ्रेमवर्क एखादी गोष्ट शोधायला निघतं तेव्हा त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी ते मशीनला विचारतं. मशीनकडे त्या नावानं काही असेल तर तेच उचलतं. माझ्या फाइलपर्यंत येतच नाही. आणि युजर-डॉट-नेम या नावानं प्रत्येक मशीनकडे काहीतरी असतंच, मशीन सुरू करताना जे टाकलं असेल ते. माझ्या लॅपटॉपवर मी माझं नाव टाकलं होतं, तेही लहान अक्षरांत. म्हणून उत्तर चुकीच्या जागेवरून येऊनही बरोबर आलं. पडद्यावर चुकीची लाल ओळ आली नाही, कुठे काही अडलं नाही.

लॅबचं मशीन मस्तगडच्या दुकानातलं होतं.

मी प्रोग्राम बसवून दिला, फाइलमध्ये ताईंचं पूर्ण नाव टाकलं, त्यांनी सांगितलं तसं, एक-एक अक्षर विचारून. पहिला रिपोर्ट छापून येईपर्यंत थांबले नाही. प्रिंटरमध्ये कागद नव्हता, मालक म्हणाले नंतर काढू, आणि मला कुणाच्या समोर उभं राहून वाट बघायला आवडत नाही.

अकरा महिन्यांनी ताई आमच्या ऑफिसात आल्या. सर बाहेर गेले होते. त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "तुला एक विचारू का? राग येऊ देऊ नको."

"विचारा ना ताई."

त्यांनी एक रिपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. "हे मालक टाकायला तुला कुणी लावलं?"

तळाशी छापलं होतं : तपासणी, मालक. त्याखाली, सीड ॲनालिस्ट. त्याखाली, बी.एस्सी. ॲग्री. हुद्दा आणि शिक्षण मशीनला माहीत नव्हतं, म्हणून ते माझ्या फाइलमधून नीट आलं होतं. नुसतं नाव गेलं होतं.

मी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "मी नाही टाकलं."

"मंग?"

"चुकून आलंय. कधीपासून येतंय?"

"पहिल्या दिवसापासून." त्यांनी फाइल उघडून दाखवली. कपाशी, सोयाबीन, तूर, सगळ्यांखाली तेच. "मला वाटलं यांचं ठरलं असंल. मालकांनी सांगितलं असंल, तू केलं असंल."

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"कधी विचारू? तू यायची, मान खाली घालून टायपायची, निघून जायची. म्हणलं इंग्लिश मीडियमची हाय, आपल्याशी कशाला बोलंल."

अकरा महिन्यांत मी तीन-चारदा त्या लॅबमध्ये गेले होते. प्रत्येक वेळी त्यांनी मला चहा दिला होता. प्रत्येक वेळी त्यांच्या मनात हे होतं.

त्याच मग हसल्या. "आमच्या धावड्याला बाया नवऱ्याला मालक म्हणतात. घरी दाखवला रिपोर्ट, तर आमचे मालक म्हणले, मी कधी केली गं तपासणी?"

मी हसावं की नाही हे मला कळेना, म्हणून कागदाकडे बघत राहिले.

मग त्यांनी खरं काम सांगितलं. वडीगोद्रीच्या बाजूला, हायवेला लागून, एका मोठ्या बियाणं कंपनीचं नवीन प्रक्रिया केंद्र होत होतं. तिथे स्वतःची लॅब, आणि लॅबला मुख्य ॲनालिस्ट हवा होता. ताईंना मुलाखतीला बोलावलं होतं, आठ दिवसांनी. सोबत केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट आणा म्हणून सांगितलं होतं. लॅबचे मालक अनुभवाचं पत्र देणार नव्हते; दिलं तर त्या जातील हे त्यांना कळत होतं. म्हणजे ताईंकडे दाखवायला हे रिपोर्टच होते, आणि त्यातल्या एकावरही त्यांचं नाव नव्हतं.

"तू एवढं लिहून दे," त्या म्हणाल्या, "की नाव मशीननी चुकवलं. जिनी प्रोग्राम बनवला तिनी लिहून दिलं, की मानतील ते."

त्या वेळी हो म्हणायचं होतं. टेबलावर कागद होता, पेन होतं, सर नव्हते. पाच ओळींचं काम.

मी म्हणाले, "सरांना विचारून सांगते."

ताईंनी फाइल बंद केली. "बरं," म्हणाल्या. "विचार. पण जल्दी विचार."

त्या गेल्यावर मी चूक शोधली. शोधायला वीस मिनिटं लागली. अशी चूक करणारी मी पहिली नव्हते. इंटरनेटवर माझ्यासारख्यांची रांग होती. कुणाला सर्व्हरचं नाव आलेलं, कुणाला भलत्याचंच. सगळे त्यावर विनोद करत होते. उत्तर एका ओळीचं होतं : सगळ्यांकडे असतं असं नाव ठेवू नका, तुमचं वेगळं नाव ठेवा.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"क्लायंटची तक्रार आहे का?" त्यांनी विचारलं.

"ताई आल्या होत्या."

"ताई क्लायंट नाहीत. क्लायंट मालक. मालक काही म्हणाले?"

"नाही."

"मग प्रोग्राममध्ये बग कशाचा? त्यांच्या रिपोर्टवर त्यांचाच शब्द येऊन राह्यला." ते मोबाइल बघत बोलत होते. "आणि कंपनीच्या लेटरहेडवर आपणच लिहून द्यायचं, की आम्ही चुकलो? उद्या बियाण्याचा एखादा लॉट फेल गेला तर म्हणतील, नाव चुकतं तर आकडे कशावरून बरोबर? विचार कर जरा."

मी विचार केला. त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं, आणि म्हणूनच मला लपायला सोयीचं होतं.

"दुरुस्ती करून दे," ते म्हणाले. "जुनं राहू दे. आणि तुला तुझ्या नावानं काही लिहून द्यायचं असेल तर तुझं तू बघ."

तुझं तू बघ, हे वाक्य मला आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकायला मिळालं आहे. मी घरी जाऊन पत्र लिहिलं. इंग्रजीत. मराठीत सुरू केलं होतं, पण दुसऱ्याच ओळीत 'प्रमाणित' कसं लिहायचं इथे अडले, आणि मला वाटलं की मोठ्या कंपनीत इंग्रजीच बरं. चांगलं लिहिलं होतं. चूक माझी, कारण हे, सर्व तपासण्या अमुक बाईंनी केल्या, मी स्वतः पाहिल्या आहेत. खाली माझं पूर्ण नाव, सही. घडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

प्रोग्राममध्ये मी ती ओळखीची नावं बदलली. युजर काढून टाकलं. इंग्रजी अक्षरांतच, पण मराठी शब्द लिहिला : तपासनीस. कुठल्याही मशीनकडे तपासनीस नसणार याची मला खात्री होती. फाइल न उघडता नाव भरता यावं म्हणून पडद्यावर एक चौकटही करून दिली. आमच्या ऑफिसातला एकजण म्हणाला, "हे काय, पोलिसात गेली का तू?"

मुलाखतीच्या दोन दिवस आधी दुरुस्ती बसवायला लॅबमध्ये गेले. ताई खिडकीजवळच्या टेबलावर गुंडाळ्या उघडून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय, ते मलाही माहीत नव्हतं. मालक मशीनशेजारीच बसले होते.

मी त्यांना सांगितलं की रिपोर्टवर नावाच्या जागी मशीनचं नाव येत होतं, ते आता नीट केलं आहे.

"मला तर बराबरच वाटत होतं," मालक म्हणाले. "बरं, आता काय येणार?"

"जे आपण इथे टाकू ते."

"इथं?" त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. दोन बोटांनी, एक-एक अक्षर शोधत, त्यांनी स्वतःचं नाव टाकलं. आधी नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मी त्या चौकटीत ताईंचं नाव आधीच भरून ठेवलं होतं. ते त्यांनी नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत पुसून मग स्वतःचं टाकलं. मी बाजूला उभी होते. माझा हात माउसपासून वीतभर अंतरावर होता.

"खाली..." मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "खाली शिक्षण आहे. ते ताईंचं आहे."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. बी.एस्सी. ॲग्री वाचलं. "ते राहू द्या," म्हणाले. "ते लॅबचं शिक्षण हाय."

खिडकीजवळ ताई मोजत होत्या. ओठ हलत होते, बोट एका रोपावरून दुसऱ्यावर जात होतं. त्यांना ऐकू गेलं होतं. बोट एकदा थांबलं, परत पहिल्या रोपावर गेलं, आणि त्यांनी ती रांग पहिल्यापासून मोजायला घेतली.

"जुने रिपोर्ट पुन्हा काढायचे का, नावासकट?" मी विचारलं. तेवढंच करता येण्यासारखं उरलं होतं.

"कशाला? दिलेला कागद बदलला तर लोक म्हणतील आधीचा खोटा व्हता. सेव्ह करा, म्याडम."

मी सेव्ह केलं. चाचणीसाठी एक रिपोर्ट काढला. या वेळी छापून येईपर्यंत थांबले. जे टाकलं तेच आलं. प्रोग्राममध्ये आता काहीही चुकत नव्हतं. आधी मशीननं न विचारता घेतलं होतं; आता माणसानं घेतलं आणि मी त्यासाठी चौकट बनवून दिली.

निघताना ताई जिन्यापर्यंत आल्या. हात ओले होते, ओढणीला पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "सर काय म्हणले?"

पत्र बॅगेत होतं. दार उघडं होतं आणि आत मालकांची खुर्ची करकरली. त्यांनी पाहिलं तर ते सरांना फोन करतील, सर मला बोलावतील, मला तिथे उभं राहून बोलावं लागेल. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

"सर नाही म्हणाले," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"बरं," ताई म्हणाल्या. "तू तरी काय करणार." आणि आत गेल्या.

मुलाखतीला त्या तेच जुने रिपोर्ट घेऊन गेल्या. काय झालं ते मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. टेबलापलीकडे तिघं होते. एकानं कागद उलटे-पालटे करून विचारलं, हे मालक कोण? ताईंनी सांगितलं, मशीनची चूक आहे, तपासण्या मीच केल्या. तो म्हणाला, मशीन नाव कसं चुकवंल बाई, कुणी लिहून दिलंय का? ताई म्हणाल्या, न्हाई. मग त्यांना रोपांचे फोटो दाखवले, चांगलं कोणतं, वाकडं कोणतं विचारलं. त्यांनी सगळी बराबर सांगितली. तिघांनी माना डोलावल्या. कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही.

मी पत्र दिलं ते त्यानंतर. महिना झाला असेल. तोवर आशा धरून होते की त्यांना नोकरी लागेल आणि पत्र फाडून टाकता येईल. मी लॅबच्या खाली, रस्त्याच्या कडेला थांबले. त्या सुटल्यावर रिक्षाच्या थांब्याकडे निघाल्या तेव्हा पुढे होऊन कागद हातात दिला. म्हणाले, "ताई, हे तुमच्यासाठी लिहिलं होतं. पुन्हा कुठे लागलं तर."

त्यांनी घडी उघडली. पत्र पूर्ण वाचलं, सावकाश. शेतकी कॉलेजात वाचायला लागतं तेवढं इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, हे मी विसरले होते. वर टाकलेली तारीख त्यांनी पाहिली. मुलाखतीच्या आठवडाभर आधीची. अंगठा सरकत-सरकत तळाशी माझ्या सहीपाशी आला.

"चांगलं लिहिलं," त्या म्हणाल्या. "तुझं नाव मात्र बराबर आलंय."

मग रिक्षा आली. कागद परत द्यावा की ठेवावा असं त्यांनी क्षणभर केलं, आणि प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळ्यात मागे सारला.